एका गोळीत चार औषधे

"डॉक्टर, एवढ्या गोळ्या गिळल्यावर जेवायला पोटात जागा कुठली राहायची?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. वर्ष-दीड वर्षापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो. हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत अर्ध्या संपलेल्या पट्ट्या, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि एखादी न फोडलेली पट्टी असते. ती न फोडलेली पट्टी मी आधी बाहेर काढतो, कारण खरी हकीकत तिच्यातच असते.

या सदराच्या एका वाचकांनी पत्र लिहून विचारले आहे की, हृदयविकाराची सगळी औषधे मिळून एकच गोळी निघाली आहे असे ऐकतो, ते खरे काय? खरे असेल तर पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने ती घ्यावी का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: होय, खरे आहे. अशी गोळी आपल्या देशात पुष्कळ वर्षांपासून मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन शब्दांत देता येणार नाही, म्हणून हा लेख.

झटका म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पाण्याच्या पाइपात क्षार साचून तो बुजतो तशी हृदयाची रक्तवाहिनी हळूहळू बुजते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच बरोबर आहे. वाहिनीच्या आतल्या अस्तरात चरबीचा थर साचतो हे खरे, पण झटका बहुतेक वेळा येतो तो हा थर अचानक फुटल्यामुळे. जखम झाली की रक्त गोठावे ही शरीराची चांगली सवय आहे. थर फुटला की शरीराला वाटते जखमच झाली. तिथे रक्ताची गुठळी धरते, वाहिनी काही मिनिटांत बंद होते आणि पुढचा हृदयाचा स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. काल संध्याकाळपर्यंत चालता-बोलता असलेला माणूस सकाळी दवाखान्यात आणावा लागतो तो यामुळे. औषधांचे काम तीन ठिकाणी चालते: थर साचू न देणे, तो फुटेल इतका दाब वाहिनीवर पडू न देणे, आणि फुटलाच तर गुठळी धरू न देणे.

गुठळीचे काम ॲस्पिरिनकडे. लोक तिला 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतात. रक्त काही पातळ होत नाही, रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी एकमेकींना चिकटेनाशा होतात, एवढेच. डोकेदुखीसाठी जी ॲस्पिरिन शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर वापरली गेली तीच ही, पण मात्रा फार लहान, ७५ ते १०० मिलिग्रॅम.

चरबीचे काम स्टॅटिन गटातल्या औषधांकडे. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन ही नावे पुष्कळांच्या चिठ्ठीवर असतील. अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हजारो बुरशा तपासून एका निळसर-हिरव्या बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. एन्डो २०२४ मध्ये वारले. आज जगात कोट्यवधी लोक रोज रात्री त्यांच्या शोधाची गोळी घेऊन झोपतात, पण त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

रक्तदाबासाठी तीन-चार प्रकार आहेत. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येते ती रामिप्रिल, एनालाप्रिल ही औषधे. त्यांचा उगम ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषात आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब एकदम उतरतो, तो का उतरतो याचा शोध घेता घेता हे औषध हाती लागले आणि त्यातले पहिले कॅप्टोप्रिल १९८१ मध्ये बाजारात आले. दुसरा प्रकार ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल यांचा. ही नाडीचा वेग कमी करून हृदयाला विश्रांती देतात. या गटातले पहिले मोठे औषध शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिसरी, आपण जिला 'लघवीची गोळी' म्हणतो ती. ती शरीरातले जादा मीठ आणि पाणी बाहेर काढते.

आता गणित पाहा. यातले प्रत्येक औषध एकटे पुढच्या झटक्याचा धोका साधारण पाव भागाने कमी करते असे धरा. शंभराचे पंचाहत्तर झाले. दुसऱ्याने त्या पंचाहत्तराचा पाव भाग कमी केला की राहिले छप्पन्न. तिसऱ्याने बेचाळीस, चौथ्याने बत्तीस. म्हणजे चार साधी, जुनी, पेटंट संपलेली औषधे मिळून धोका दोन-तृतीयांशाने खाली येतो. हा हिशेब २००२ मध्ये सलीम यूसुफ यांनी मांडला. यूसुफ मूळचे केरळचे, वैद्यकीचे शिक्षण बंगलोरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात, आणि पुढची कारकीर्द कॅनडात. २००३ मध्ये निकोलस वॉल्ड आणि माल्कम लॉ या लंडनच्या दोघा संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकले. एक स्टॅटिन, रक्तदाबाची तीन औषधे अर्ध्या मात्रेत, ॲस्पिरिन आणि फॉलिक ॲसिड अशी सहा द्रव्ये एका गोळीत घाला, ती ५५ वर्षांवरच्या सर्वांना द्या, हृदयविकार आणि पक्षाघात ८० टक्क्यांहून अधिक घटतील, असे त्यांनी लिहिले. गोळीचे बारसेही त्यांनीच केले: पॉलिपिल.

८० टक्के हा आकडा कागदावरचा होता आणि प्रत्यक्षात तो कुठेच मिळाला नाही. फॉलिक ॲसिडचा या कामी उपयोग नाही हेही पुढे ठरले. पण त्या लेखातली अर्ध्या मात्रेची कल्पना फार शहाणपणाची होती. रक्तदाबाचे औषध पूर्ण मात्रेत जेवढा दाब उतरवते त्याच्या सुमारे ८० टक्के काम ते अर्ध्या मात्रेत करून देते, आणि त्रास मात्र पुष्कळ कमी होतो. एका बैलाला मरेस्तोवर ओढायला लावण्यापेक्षा दोन बैल जुंपून निम्मे निम्मे ओझे द्यावे, तसे हे आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, चार गोळ्या वेगवेगळ्या घेतल्या तर काय बिघडले, असे कोणी विचारील. काहीच बिघडले नाही, घेतल्या तर. लोक घेत नाहीत ही अडचण आहे. १७ देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गरीब देशांच्या गटात भारत होता. झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या माणसांपैकी, म्हणजे ज्यांना औषधाची गरज आहे यात शंकाच नाही अशांपैकी, या गटात दर दहांतले आठ जण यातले एकही औषध घेत नव्हते.

असे का होते हे तालुक्याच्या गावात बसून मला रोज दिसते. पहिले तीन महिने घरातले सगळे धास्तावलेले असतात, सून घड्याळ लावून गोळ्या देते. मग बरे वाटू लागते. बीपी, कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. गोळी सोडली तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही, आठ दिवसांनीही नाही. पंढरीच्या वारीला निघताना पिशवी घरी राहते, शेतीचा हंगाम लागतो, औषधाच्या दुकानात चारांपैकी दोनच पट्ट्या मिळतात. आमच्या भागातल्या एका निवृत्त शिक्षकांनी स्टेंट बसवल्यावर (ते त्याला 'स्प्रिंग' म्हणत) वर्षभर सगळे काटेकोर केले. मग एका नातेवाइकाने सांगितले की, स्प्रिंग बसवली म्हणजे आजार गेला, आता कशाला पोटात विष घालता. गुरुजींनी सगळी औषधे बंद केली. सात महिन्यांनी पहाटे दुसरा झटका आला. वाचले, पण हृदयाची ताकद निम्म्यावर आली. आता बाजारापर्यंत चालताना त्यांना वाटेत दोनदा थांबावे लागते. स्टेंटने एका जागचा अडथळा दूर होतो. बाकीच्या सगळ्या वाहिन्यांतला थर तिथेच असतो, त्याच्यासाठी गोळ्या असतात.

तेव्हा चारांची एक झाली तर लोक ती घेतील का, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्स कंपनीने पॉलिकॅप नावाची पाच औषधांची कॅप्सूल तयार केली. देशातल्या ५० केंद्रांत २,०५३ लोकांवर तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २००९ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकात आले. पाच औषधे एकत्र कोंबली तर ती एकमेकांना मारक ठरतील अशी शंका होती, ती फिटली. वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला, कोलेस्टेरॉलही खाली आले, आणि त्रास वाढला नाही.

दुसरी चाचणी २०१३ ची. निम्मे रुग्ण भारतातले, निम्मे युरोपातले, मिळून दोन हजार. एका गटाला एकत्र गोळी, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे सुट्या गोळ्या. सव्वा वर्षानंतर एकत्र गोळीवाल्यांतले ८६ टक्के लोक औषध नियमित घेत होते, सुट्या गोळ्यांवाले ६५ टक्के. सुरुवातीलाच जे औषध टाळत होते त्यांच्यात तर फरक ७७ आणि २३ असा निघाला. या आकड्याने माझे मत बनवले. आळशी, विसराळू, कंटाळलेला माणूस, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांच्यासाठी ही गोळी आहे.

गोळी नियमित घेतली म्हणजे झटके टळतात का? इराणच्या गुलिस्तान प्रांतातल्या खेड्यांत ६,८३८ लोकांवर पाच वर्षे प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत फक्त आहार-व्यायामाचा सल्ला दिला तिथे शंभरांतल्या जवळजवळ नऊ जणांना हृदयाचा किंवा मेंदूचा गंभीर प्रसंग ओढवला. जिथे सल्ल्याबरोबर गोळीही दिली तिथे शंभरांतल्या सहांना. गोळ्या वाटणाऱ्यांत मोठे तज्ज्ञ नव्हते, हे मला विशेष वाटते. २०२२ मध्ये युरोपातल्या सात देशांचा निष्कर्ष आला. तिथे नुकताच झटका आलेले सुमारे अडीच हजार वयस्क रुग्ण घेतले होते, सरासरी वय ७६. सुट्या गोळ्या घेणाऱ्यांत तीन वर्षांत शंभरांतल्या तेरांना पुन्हा गंभीर त्रास झाला, एकत्र गोळी घेणाऱ्यांत साडेनऊ. हृदयामुळे होणारे मृत्यूही घटले. सर्व कारणांनी मिळून झालेल्या मृत्यूंत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत अशा संयुक्त गोळ्यांना स्थान दिले.

यावर एक आक्षेप मला आमच्याच क्षेत्रातल्या मित्रांकडून ऐकू येतो. आपल्या देशात नको ती औषधे एकत्र करून विकण्याचा सुळसुळाट झाला होता, केंद्र सरकारने २०१६ मध्ये अशी ३४४ मिश्रणे एका फटक्यात बंद केली, मग तुम्ही मिश्रणाची तरफदारी कशी करता? आक्षेप रास्त आहे. सर्दी-तापाच्या गोळीत कशाचाही पत्ता नसलेली चार द्रव्ये घालणे वेगळे, आणि जी चार औषधे त्या रुग्णाला नाहीतरी रोज घ्यायचीच आहेत ती चाचणी करून एका आवरणात घालणे वेगळे. पण मिश्रणाचा खरा दोष आहे तो राहतोच: एक औषध सोसले नाही तर चारही बदलावी लागतात आणि मात्रा कमी-जास्त करता येत नाही. म्हणून मी स्वतः नव्या रुग्णाला आधी दोन-तीन महिने सुटी औषधे देतो, कोणते मानवते, किती लागते ते पाहतो आणि मग तेवढ्याच मात्रेची संयुक्त गोळी मिळत असेल तर तिच्यावर आणतो.

आता पत्रातला दुसरा प्रश्न. झटका आलेला नाही, छातीत दुखत नाही, फक्त वय झाले आहे, अशांनी ही गोळी घ्यावी का? नऊ देशांतल्या ५,७१३ लोकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. त्यांतले जवळजवळ निम्मे भारतीय होते. हृदयविकार नसलेल्या, पण धोका मध्यम असलेल्या या लोकांत संयुक्त गोळी आणि ॲस्पिरिन यांच्यामुळे साडेचार वर्षांत गंभीर प्रसंग शंभरांत सुमारे सहावरून चारवर आले. म्हणजे शंभर जणांनी साडेचार वर्षे रोज गोळ्या घ्यायच्या तेव्हा दोघांचा प्रसंग टळणार. हे थोडे म्हणायचे की पुष्कळ? देशाचा हिशेब करणाऱ्याला पुष्कळ वाटेल. मला मात्र ५५ वर्षांच्या प्रत्येकाच्या हाती गोळी ठेवणे पटत नाही. आधी बीपी मोजा, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, घरात वडिलांना, भावाला पन्नाशीच्या आत झटका आला होता का ते आठवा. मग ठरवू.

ॲस्पिरिनच्या बाबतीत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. २०१८ मध्ये एकापाठोपाठ एक तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. ज्यांना झटका आलेलाच नाही त्यांनी रोज ॲस्पिरिन घेऊन फायदा फार थोडा होतो आणि जठरातून, आतड्यातून किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका जवळजवळ तेवढाच वाढतो, असे दिसले. म्हणून निरोगी माणसाने 'असू द्या खबरदारी म्हणून' स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये, साठीनंतर तर नाहीच. झटका आलेल्याने किंवा स्टेंट बसवलेल्याने मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. दोन्ही वाक्ये एकाच कागदावर लिहून ठेवा, कारण लोक नेमकी उलटी ऐकतात.

गोळी सुरू असताना काय होऊ शकते तेही माहीत हवे. 'प्रिल' औषधांनी काहींना कोरडा खोकला लागतो, महिनोन्महिने जात नाही, आणि खोकल्याची बाटली मागून बाटली संपते. डॉक्टरांना सांगितले तर औषध बदलता येते. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठा. स्टॅटिनने क्वचित मांड्या-पोटऱ्या दुखतात. शौच डांबरासारखे काळे झाले तर तो ॲस्पिरिनमुळे पोटात होणारा रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. गर्भारपणात 'प्रिल' औषधे बाळाला घातक आहेत. ॲटेनोलोलसारखे औषध एकदम थांबवले तर छातीत कळ येऊ शकते, ते कमी करायचे तर हळूहळू. झटक्यानंतर हृदयाचे पंपिंग शाबूत असलेल्यांना हे औषध किती वर्षे द्यावे, यावर सध्या तज्ज्ञांत मतभेद आहेत. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असली तर प्लेटलेट उतरतात, अशा वेळी आपल्या गोळीत ॲस्पिरिन आहे हे तापाच्या डॉक्टरांना आधी सांगायचे. एकच गोळी असल्यामुळे 'मला फक्त बीपीची गोळी चालू आहे' असे लोक सांगून मोकळे होतात, हा या गोळीचा नवाच धोका आहे.

याहून मोठा धोका वाटून खाण्याचा. जवळच्या एका खेड्यातले जोडपे माझ्याकडे येते. काका झटक्याचे रुग्ण, काकूंना नुसता रक्तदाब. दोघांचेही बीपीच ना, म्हणून काकू काकांच्या पट्टीतली गोळी घेऊ लागल्या, पैसे वाचतील, खेपा वाचतील. काकूंना लहानपणापासून दमा. चौथ्या रात्री त्यांना असा दम लागला की, जीप करून आणावे लागले. काकांच्या गोळीत ॲटेनोलोल होते आणि ते दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळते. पट्टी पाहिल्याशिवाय कारण कळले नसते. काकूंच्या रक्तदाबाला ॲम्लोडिपिनची साधी गोळी पुरली, जी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

गोळी घेतली म्हणजे मिसरी, तंबाखू, विडी चालू ठेवायला परवाना मिळाला, असे मानणारेही आहेत. इराणच्या प्रयोगात गोळीवाल्यांनाही आहाराचा आणि चालण्याचा सल्ला दिलेला होताच. लोणचे, पापड आणि खारवलेले शेंगदाणे रोज पानात असतील तर लघवीची गोळी एका दारातून मीठ बाहेर काढते आणि आपण दुसऱ्या दारातून आत घेतो.

आणखी एका वाचकांची सूचना आहे की, आता मधुमेहाचे औषधही याच गोळीत घालावे म्हणजे काम झाले. तसे करता येणार नाही. साखर सकाळ-संध्याकाळ, जेवणाप्रमाणे, श्रमाप्रमाणे बदलते. एकादशीच्या उपासाला मधुमेहाची काही औषधे कमी करावी लागतात, हृदयाची गोळी मात्र एकादशीलाही तीच आणि तेवढीच. दोन्ही एकत्र असती तर एक टाळताना दुसरीही टळली असती. मधुमेही वाचकांनी आपली गोळी वेगळ्या डबीत ठेवावी, आणि उपासाच्या आधी दोन दिवस डॉक्टरांना विचारून घ्यावे.